‘स्टेटस’ म्हणजे स्थिती की अवस्था?

रत्नागिरीहून एक प्रश्न आला आहे. तिथल्या एका मच्छीमार सहकारी संस्थेत सभासदांच्या आणि डिझेल परताव्याच्या नोंदी पोस्टग्रेस्क्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये ठेवतात. पावसाळ्यात वीज जाते, सर्व्हर बंद पडतो. वीज आल्यावर ऑपरेटरने आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत कोणत्या आज्ञा द्यायच्या आणि काय बघायचं, याचं सूचनापत्रक प्रश्नकर्ते मराठीत लिहीत आहेत. ‘डेटाबेस इन्स्टन्सचे स्टेटस आणि प्रॉपर्टीज तपासणे’ हे वाक्य त्यांनी यंत्रानुवादाला दिलं, तर ‘डेटाबेस घटनेची अवस्था आणि मालमत्ता तपासणे’ असं आलं. यातलं काय ठेवावं, असं ते विचारतात.

‘घटना’ आणि ‘मालमत्ता’ दोन्ही काढून टाका. इन्स्टन्स म्हणजे मेमरीत चालू असलेल्या प्रक्रियांचा संच. डिस्कवरच्या फायली वेगळ्या. ‘इन्स्टन्स’ तसाच राहू द्या आणि डेटाबेससारखा पुल्लिंगी वापरा. ‘उदाहरण’ हा शब्दही काही ठिकाणी दिसतो, तोही इथे चालणार नाही.

आता स्थिती की अवस्था. दोन्ही शब्द ‘स्था’ धातूचेच, पण मराठीत त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ठरलेल्या, नाव असलेल्या टप्प्यांना आपण अवस्था म्हणतो: शाळेत पदार्थाच्या स्थायू, द्रव, वायू या अवस्था शिकलो. ओरॅकल हा दुसरा डेटाबेस सुरू होताना नोमाउंट, माउंट, ओपन असे टप्पे घेतो, त्यांना अवस्था म्हणणं चपखल आहे. विचारल्या क्षणी मिळालेलं उत्तर मात्र स्थिती. शिवाय बोलण्यात ‘काय अवस्था झालीय त्याची’ म्हटलं की त्यात आधीच हळहळ येते. पत्रकाच्या मथळ्यात ती नको. तिथे ‘स्थिती’ घ्या. ‘सद्यस्थिती’ची गरज नाही, आज्ञा आत्ताचीच गोष्ट सांगते.

माझ्या मते खरी अडचण या नामांत नाही, ‘चालू आहे’ या क्रियापदात आहे. पोस्टग्रेसची ‘पीजी_सीटीएल स्टेटस’ (pg_ctl status) ही आज्ञा दिली की सर्व्हर चालू असल्याचं आणि प्रक्रियेचा क्रमांक छापून येतो. प्रक्रिया जिवंत आहे, एवढाच त्याचा अर्थ. ‘पीजी_इजरेडी’ (pg_isready) ही आज्ञा सर्व्हरला वेगळा प्रश्न विचारते: जोडणी घेतोस का? अचानक वीज गेल्यानंतर पोस्टग्रेस आधी लॉग, म्हणजे बदलांची नोंदवही, वाचून अर्धवट राहिलेलं सावरतो. तेवढा वेळ पहिली आज्ञा ‘चालू’ म्हणते आणि दुसरी ‘जोडणी नाकारतोय’. दोन्ही उत्तरं खरी. पत्रकात दोन्हींना ‘चालू आहे’ किंवा ‘बंद आहे’ लिहिलंत, तर ऑपरेटर घाबरून सर्व्हर पुन्हा बंद-चालू करील आणि सावरण्याचं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. म्हणून क्रियापदं वेगळी ठेवा: प्रक्रिया *चालू आहे*, सर्व्हर जोडणी *घेतोय*, जोडणी *नाकारतोय*, *प्रतिसाद देत नाही*.

‘पीजी_इजरेडी’ हे उत्तर आकड्यातही (एक्झिट कोड म्हणून) देतं: 0 म्हणजे घेतोय, 1 नाकारतोय, 2 प्रतिसाद नाही, 3 म्हणजे चुकीच्या पर्यायांसारख्या कारणाने विचारणाच झाली नाही. हे आकडे पत्रकात जसेच्या तसे छापा. वादळाचा इशारा देणारा ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात कोणाला उलगडून सांगावं लागत नाही. तसेच हे आकडेही एकदा ऐकले की तोंडी बसतील.

आणखी एक गोष्ट जपा. ‘पीजी_कंट्रोलडेटा’ (pg_controldata) ही आज्ञा डिस्कवरच्या फाइलीतली नोंद वाचून दाखवते, जिवंत सर्व्हरला विचारत नाही. वीज गेल्यावर सर्व्हर बंद असतानाही ती डेटाबेस ‘इन प्रॉडक्शन’, म्हणजे वापरात, असल्याचं सांगते, कारण शेवटची नोंद तीच राहिलेली असते. म्हणून त्या ओळीला ‘स्थिती’ न म्हणता ‘नोंदलेली स्थिती’ म्हणा.

प्रॉपर्टीजसाठी सरसकट ‘गुणधर्म’ लिहू नका. ‘पीजी_कंट्रोलडेटा’च्याच यादीत ब्लॉकचा (डेटा साठवायच्या तुकड्याचा) आकार येतो, बहुधा 8192 बाइट. तो चालू डेटाबेसमध्ये बदलता येत नाही, त्याला गुणधर्म शोभतो. पण त्याच यादीत ‘मॅक्स_कनेक्शन्स’, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती जोडण्या, हा आकडाही आहे, मूळचा 100, आणि तो माणूस बदलतो, मग सर्व्हर पुन्हा सुरू करतो. त्याला ‘सेटिंग’ म्हणा, रत्नागिरीच्या कार्यालयात सगळे तेच म्हणतात. दोन्हींना मिळून एकच शब्द हवा असेल तर ‘तपशील’.

मथळा असा करा: ‘डेटाबेस इन्स्टन्सची स्थिती आणि तपशील पाहणे’. खाली पहिलीच सूचना ठळक अक्षरांत: ‘वीज आल्यावर पीजी_इजरेडी चालवा. उत्तर 1 आलं तर थांबा, थोड्या वेळाने पुन्हा विचारा. सर्व्हर बंद करू नका.’