श्रद्धा आधी की वंदना आधी?

प्रिय मैत्री,

जय भीम.

तुझा मेसेज कालपासून मनात घोळतोय. आजी सकाळी वंदना घेते, तू शेजारी बसतेस, त्रिशरण-पंचशील, म्हणजे बुद्ध, धम्म, संघाला शरण जाणं आणि वागण्याची पाच शीलं, तोंडपाठ आहे, पण आत काहीच होत नाही. मग हे हात जोडणं खोटं ठरतं का? आणि आपण देव मानत नाही, तर हात जोडतो कोणाला? प्रश्न रास्त आहेत.

आधी हात जोडण्याचं सांगते. आजी फूल वाहताना जी गाथा म्हणते, तिच्याकडे नीट लक्ष दे: ‘पुप्फं मिलायति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं.’ हे फूल जसं कोमेजतं, तसं हे शरीरही नाश पावणार आहे. यात बुद्धाकडे काहीही मागितलेलं नाही, ना नोकरी, ना परीक्षेतले मार्क. ज्यांनी मार्ग दाखवला त्यांच्याविषयी कृतज्ञता आहे, आणि स्वतःला दिलेली एक आठवण.

आता श्रद्धेचं. केसपुत्त गावच्या कालाम लोकांनी बुद्धांना विचारलं होतं, येणारा प्रत्येक आचार्य आपलंच खरं म्हणतो आणि दुसऱ्याचं खोडून काढतो, आम्ही कोणाचं मानायचं? बुद्ध म्हणाले, ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू आपला आहे म्हणून मानू नका. आपल्याकडे भाषणांत पुष्कळदा इथेच थांबतात, ते मला खटकतं. पुढचं तितकंच मोलाचं आहे: अहिताचं आहे असं तुम्हाला स्वतःला कळेल ते सोडा, हिताचं आहे असं कळेल ते स्वीकारा आणि तसं वागा. वागून पाहिल्याशिवाय पारख पुरी होत नाही.

तुझ्या पणजीला अक्षरओळख नव्हती. १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, आज जिला दीक्षाभूमी म्हणतो त्या मैदानावर लाखोंच्या गर्दीत ती होती. बाबासाहेबांनी महास्थविर चंद्रमणींकडून स्वतः दीक्षा घेतली आणि मग समोरच्या जनसमुदायाला दिली. बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याचीही होती. पणजोबांनी ती मरेपर्यंत पाळली. मिलचा पगार पुरता घरात येऊ लागला आणि तुझी आजी शाळेत गेली. पणजीला अनित्यता, म्हणजे काहीच कायम टिकत नाही हे, कोणी समजावून दिलं नव्हतं गं. पाळलेलं एक शील घरात काय घडवतं, ते तिनं डोळ्यांनी पाहिलं आणि मग तिला कोणी हलवू शकलं नाही.

आणि तुला घाई कशाची? हिंदू म्हणून मरणार नाही, असं बाबासाहेबांनी येवल्याला १९३५ मध्ये जाहीर केलं. दीक्षा घेतली १९५६ मध्ये. मधली २१ वर्षं त्यांचा अभ्यास, पारख, विचार चालूच होता. तू तर अजून दहावीतही नाहीस.

तोवर नुसती बसून मात्र राहू नकोस. एक शील निवड. माझं ऐकशील तर चौथं, ‘मुसावादा वेरमणी’, म्हणजे खोटं न बोलणं. मेसेज वाचलाच नाही, पोट दुखतंय, असलं लहानसहान खोटं जिभेवर येईल तेव्हा क्षणभर थांब आणि मन कशाला घाबरलंय ते बघ. वंदनेआधी पाच मिनिटं आनापान कर, श्वास जसा येतो-जातो तसा नुसता पाहा. या दोन गोष्टी करताना काही बदललं, तर ते तुझ्या अनुभवाचं असेल. नाहीच बदललं, तर तेही खरं आहे, तसं मला मोकळेपणानं सांग.

सध्या वर्षावास, म्हणजे भिक्खूंनी पावसाळ्यात एकाच ठिकाणी राहण्याचा काळ, चालू आहे. आजी संध्याकाळी इंदोऱ्याच्या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन ऐकायला जाते, तिच्यासोबत जा. मला विचारलेले हेच प्रश्न वाचन संपल्यावर भंतेजींनाही विचार. मोठ्या माणसांसमोर कसं विचारायचं म्हणून गप्प राहू नकोस, विहार त्यासाठीच आहे. येताना पायऱ्यांवर आजीचा हात धर, पावसानं ओल्या असतात.

आजीला माझा जय भीम.

तुझी,
आई