साबण सर्वांत शेवटी

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

गणपती विसर्जन आटोपून तू दापोलीला वसतिगृहात गेलास आणि पंधराच दिवसांत तुझ्या मळक्या कपड्यांचे गाठोडे एस. टी.ने घरी आले. तुझ्या आईने ती प्लास्टिकची पिशवी उघडली तेव्हा मी पडवीतच बसलो होतो. तळाशी दाबून भरलेला ओला टॉवेल, त्याला चिकटलेला तुझा पांढरा सदरा आणि सदऱ्याच्या पाठीवर मोहरीएवढे काळे ठिपके, असा तो सगळा ऐवज होता. ते ठिपके बुरशीचे आहेत आणि एकदा कापडात मुरले की ते सहसा जात नाहीत. यापुढे तुझे धुणे तूच धुवावेस असे आमचे ठरले आहे. आमचे म्हणजे माझे, कारण ताईला ते अजून पुरते पटलेले नाही.

नव्याने धुणे धुणाऱ्याचा सारा भरवसा साबणावर असतो. बादलीत मूठभर पावडर टाकली, फेस आला, की काम झाले असे त्याला वाटते. माझेही तसेच झाले होते. घर सोडल्यावरच्या पहिल्याच पावसाळ्यात मी कातळावरच्या तांबड्या मातीत घसरून पडलो आणि सदऱ्यावरचा डाग साबणाने जाईना, तेव्हा त्यावर ब्लीचिंग पावडर कालवून ओतली. जांभ्याच्या मातीचा तांबडा रंग लोहाचा असतो आणि ब्लीचिंग पावडरीने तो जात नाही. उलट सुती कापडाचे धागे मात्र कमजोर होतात. डाग राहिला तो राहिलाच, आणि पुढच्या धुण्याला सदरा खांद्यावर टरकन फाटला.

म्हणून आधी कपडा उजेडात धरून त्यावर काय पडले आहे ते पाहावे. भाताच्या खाचरात उतरून आलास की चिखलाच्या कपड्याला लगेच साबण लावू नकोस. ऊन असेल तर चिखल वाळू दे आणि तो झटकून टाक. पावसात तो वाळणारच नाही, तेव्हा कपडा उलटा करून नळाच्या धारेखाली धर, म्हणजे माती ज्या बाजूने आत शिरली त्याच बाजूने बाहेर पडेल. पाणी नितळ येईपर्यंत साबणाला हात लावायचा नाही. आमटी सांडलेल्या जागी साबण लावताच पिवळा डाग लालभडक होईल. घाबरू नकोस, हळदीचा तो स्वभावच आहे. नीट विसळून कपडा दोन-तीन दिवस कडक उन्हात टाकलास तर डाग बराच फिका पडतो. सोलकढीचा गुलाबी डाग साबणाने निळसर होतो, त्यामुळे तो आधी नुसत्या गार पाण्याने काढावा. फणसाच्या चिकाला पाणी लागूच होत नाही. तिथे अगोदर खोबरेल तेल चोळून चीक सैल करावा लागतो आणि मग ते तेल साबणाने काढावे लागते. समुद्रावर जाऊन आलास तर कपडे प्रथम गोड्या पाण्यातून काढ, कारण खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. काजूच्या बोंडाच्या रसावर मात्र माझ्याकडे काही उपाय नाही.

प्रत्यक्ष धुण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. अर्ध्या बादलीला एक सपाट चमचा पावडर पुरे, कपडे अर्धा तास भिजवावेत, रात्रभर मुळीच नाही. रंगीत नवा कपडा असेल तर त्याचे टोक ओले करून पांढऱ्या रुमालात दाबून पाहावे. रुमालाला रंग लागला तर तो कपडा वेगळा धुवावा. कॉलर ब्रशने घासू नये, तिचे धागे उठतात; साबणाची वडी लावून ती दोन मुठींत धरावी आणि कापडावर कापड चोळावे. विसळताना कंजूषपणा करू नये, कारण राहिलेल्या साबणानेच कपडा कडक होतो आणि अंगाला खाज सुटते.

खरी कसोटी वाळवण्याची आहे. दापोलीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. त्या दिवसांत हवेतच इतकी ओल असते की कपड्यातले पाणी उडून जायला जागा उरत नाही, आणि म्हणून बंद खोलीत दोरीवर दाटीवाटीने टाकलेले कपडे दोन दिवसांनीही ओलेच राहून कुबट वास मारू लागतात. त्यावर उपाय वाऱ्याचा. पावसाळ्यात आठवड्याचे धुणे साठवू नकोस. रोज दोनच कपडे धू, घट्ट पिळून, झटकून, एकमेकांपासून वीतभर अंतरावर पंख्याखाली टाक. सदरा खालच्या कडेने टांग म्हणजे काखा मोकळ्या राहतील. पँट उलटी करून खिसे बाहेर काढ, कारण शेवटपर्यंत ओला राहतो तो खिसाच. जीन्सचा मोह दसऱ्यापर्यंत आवर. आतले कपडे जरासेही दमट असताना अंगात घालू नकोस आणि टॉवेल कोणाला देऊ नकोस. ओलसर कपड्यांनी आणि दुसऱ्याच्या टॉवेलने नायटा होतो, आणि वसतिगृहात तो एकाला झाला की खोलीभर फिरतो. लाजेपोटी आतले कपडे इतर कपड्यांच्या खाली लपवून वाळत घालणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. ऊन पडेल त्या दिवशी पहिला मान या आतल्या कपड्यांचा.

उद्याच्या एस. टी.ने नायलॉनची दोरी, दोन डझन चिमटे आणि एक जास्तीची बादली पाठवीत आहे. तो ठिपक्यांचा सदराही त्यातच ठेवला आहे. ताई त्याचे फडके करणार होती, पण मी तो मागून घेतला; काजूच्या हंगामात बागेत जाताना तोच घालावा.

तुझा,
मामा