मिक्सर दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

प्रश्न : आमच्याकडे 14 वर्षांचा मिक्सर आहे. संकेश्वरी मिरचीची चटणी वाटताना खालून ठिणग्या दिसतात, जळका वास येतो आणि भांड्याच्या बुडातून पाणी झिरपते. सासूबाई म्हणतात, दुरुस्त करून घ्या. मुलगा म्हणतो, नवाच आणू.
– एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, आपण सांगितलेली लक्षणे दोन वेगळ्या दोषांची आहेत. पाणी झिरपते ते भांड्याच्या बुडातील बुश, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी, झिजल्यामुळे. तो बदलणे हे किरकोळ काम आहे. ठिणग्यांचे कारण बहुधा मोटारीतील कार्बन ब्रश असतात. हे दोन छोटे कोळशाचे तुकडे फिरत्या भागाला घासत वीज पोहोचवतात आणि घासताना स्वतः झिजत जातात, म्हणून ते नेहमी जोडीनेच बदलावेत.

खरा प्रश्न वासाचा आहे. रिकामा मिक्सर क्षणभर चालवूनही तो येत असेल, तर वाइंडिंगवरचे, म्हणजे मोटारीतील तारांच्या गुंडाळीवरचे, वार्निश जळत असण्याची शक्यता मोठी. मग मिक्सर लगेच बंद करून प्लग काढावा. बेळगावात मोटार पुन्हा गुंडाळून देणारे कारागीर आहेत, परंतु तो खर्च नव्या मिक्सरच्या निम्म्याहून जास्त होत असेल, तर मुलाचे म्हणणे मला पटते. केवळ ब्रश आणि बुशवर भागत असेल, तर मात्र सासूबाईंचेच ऐकावे. दुरुस्तीला देताना मिक्सर आपल्यासमोर उघडायला सांगा आणि काढलेले जुने ब्रश मागून घ्या.