पहिल्या धनुष्याची मूठ

भाऊ, मूठ सुरुवातीलाच बारीक करू नका. काढलेलं लाकूड परत लावता येत नाही. पहिल्या धनुष्याला 4 इंच लांब, सव्वा इंच रुंद, किमान दीड इंच जाड मूठ ठेवा. जाडी कमी पडली की मूठ वाकते अन् मूठ जाड करायला वरून चिकटवलेला तुकडा सुटतो.

खरी चूक होते ती उतारात. मुठीच्या दोन्ही बाजूंना 2-2 इंचांत जाडी हळूहळू उतरवा. कानशीने तिथे पायरी पडली, तर सगळा ताण त्या एका रेषेवर येतो आणि धनुष्य तिथेच मोडतं. अंगठा फिरवून बघा, कुठेही अडायला नको.

मुठीची रुंदी शेवटी घासा, हातात धरून बघत. मुठीवर बाण टेकवायची खाच सध्या नकोच.

आणि नागपूरच्या मे महिन्यात लाकूड फार सुकून ठिसूळ होतं. दोरी चढवून ओढणं पावसाळ्यानंतरच.