‘झाले ते बरेच झाले’ असे कोणी म्हणावे?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी ३२ वर्षांची आहे. मूळ गाव बार्शी तालुक्यात. पदवीनंतर पुण्यात आले आणि सात वर्षे नवी पेठेत कॉट बेसिसवर राहून राज्यसेवेचा अभ्यास केला. दोनदा मुख्य परीक्षा दिली, एकदा मुलाखतीपर्यंत पोहोचले, परंतु अंतिम यादीत नाव आले नाही. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यावर उत्तरलेखनाचा सराव पहिल्यापासून सुरू केला आणि नेमकी पूर्वपरीक्षेतच कट-ऑफच्या खाली राहिले. गेल्या महिन्यात अभ्यासिकेतला लॉकर रिकामा करून किल्ली परत दिली. काका म्हणतात, ‘दिवाळे निघाले ते बरे झाले, असे तुकोबांनीसुद्धा म्हटले आहे, तुझेही बरेच होईल.’ मैत्रिणी म्हणतात, अपयशाने तू किती मोठी झालीस. मला मात्र माझ्यात काहीच वाढलेले दिसत नाही. दिवाळीत गावी आजोबांच्या जमिनीची वारस नोंद अडली होती, ती मार्गी लावली, एवढेच काय ते या काळात हातून झाले. या सात वर्षांना अर्थ होता असे स्वतःला पटवणे ही फसवणूक नव्हे का? पोस्ट निघाली असती, म्हणजे निवड झाली असती, तर हा प्रश्नच पडला नसता.
— एक वाचक, नवी पेठ, पुणे

उत्तर : तुमची शंका रास्त आहे आणि ती कोणी घाईघाईने मिटवू नये असे मला वाटते.

काकांपासून सुरुवात करते. तुकोबांचा तो अभंग आहे, आणि त्यामागची हकीगतही मराठी माणसाला ठाऊक आहे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात देहूतला त्यांचा व्यापार बसला, मान गेला, पहिली पत्नी अन्न अन्न करीत गेली. आणि त्यानंतर केव्हातरी त्यांनी देवाला सांगितले की दिवाळे निघाले, दुष्काळाने पीडले, ते बरे झाले. हे ज्याचे दिवाळे निघाले होते त्याने, स्वतःच्या दिवाळ्याविषयी, स्वतःला वाटले तेव्हा म्हटलेले आहे. ऐन दुष्काळात एखाद्या शेजाऱ्याने ओसरीवर येऊन तुकोबांना हेच ऐकवले असते, तर त्याला कोणी सांत्वन म्हटले नसते. शिवाय ‘बरे झाले’ म्हणणाऱ्या तुकोबांनी पत्नीचा उपाशी मृत्यू आणि गेलेली पत यांचा उच्चार दुसऱ्या अभंगात काहीही न झाकता केलेला आहे. नफ्याची बाजू दिसली म्हणून तोट्याची नोंद त्यांनी पुसली नाही. काकांवर रागावू नका, त्यांना तुमची काळजी आहे. मात्र ते वाक्य आपल्या तोंडी यावे म्हणून धडपडूही नका. ते कधीच आले नाही, तरी तुमच्यात काही उणे राहिले असे होत नाही.

मैत्रिणींच्या म्हणण्याबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण ‘अपयशातून माणूस घडतो’ हे आता शास्त्राच्या आधाराने सांगितले जाते आणि तो आधार अर्धाच सांगितला जातो. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅलहून या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये, मोठ्या आघातानंतर माणसात होणारे चांगले बदल मोजण्यासाठी २१ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. आघात स्वतः माणसाला घडवतो असा त्यांचाही दावा नव्हता. आघाताने मोडलेल्या समजुती पुन्हा उभ्या करताना जी झटापट करावी लागते तिच्यातून बदल घडू शकतो आणि दुःख त्याच्या जोडीने चालूच राहते, असे ते सांगत आले. परीक्षेतले अपयश हा त्यांच्या अर्थाने आघात नव्हे, ही गोष्ट वेगळीच. पुढे २००९ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया फ्रेझियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांची पाहणी आघातापूर्वी आणि आघातानंतर अशी दोनदा केली. ‘मी यातून वाढलो’ असे ज्याला जितके वाटत होते, तितका बदल त्याच्यात प्रत्यक्ष झालेला त्यांना आढळला नाही. म्हणजे वाढल्यासारखे वाटणे हा वाढ झाल्याचा पुरावा नव्हे, ही तुमची शंका अभ्यासकांनाही आलेली आहे. मात्र याच न्यायाने, वाढल्यासारखे वाटत नाही हा वाढ न झाल्याचाही पुरावा ठरत नाही, आणि ही बाजू तुमच्या पत्रातून निसटली आहे.

म्हणून मी तुमच्या भावनेपेक्षा तुमच्या वागण्याकडे पाहते. वारस नोंदीचे काम तुम्ही ‘एवढेच काय ते’ म्हणून एका ओळीत उरकलेत; त्या ओळीपाशी मी बराच वेळ थांबले. मृत्यूचा दाखला काढायचा, वारसांचे प्रतिज्ञापत्र करायचे, तलाठ्याकडे अर्ज द्यायचा, गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नोंद करून घ्यायची, मग फेरफार, संबंधितांना नोटीस, हरकतीसाठी १५ दिवस, कोणी हरकत घेतली तर सुनावणी, आणि शेवटी मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावर सातबाऱ्यावर नावे. ज्या घरात हे काम अडते, तिथे ते बहुधा कागदांपेक्षा माणसांपायी अडलेले असते. आत्यांची नावे लावायची की त्यांच्याकडून हक्कसोड घ्यायचे, यावरून मुलींना मुलांइतकाच हक्क असल्याचे कायद्यात स्पष्ट असूनही घरोघर कुजबुज होते. तुमच्या घरी काय झाले ते तुम्ही लिहिलेले नाही, आणि मला ते विचारण्याचा मोह आवरत नाही. कार्यालयात आवाज न चढवता, कोणता नमुना आणि किती मुदत हे नेमके सांगून काम करून घेणे, आणि घरी वडीलधाऱ्यांसमोर न्याय्य ते बोलणे, हे तुम्हाला २५ व्या वर्षी जमले असते का? याचे उत्तर मला ठाऊक नाही, तुम्हाला आहे. ते ‘हो’ असेल तर माझा मुद्दा बाद समजा.

एवढ्यावरून सात वर्षे वसूल झाली असे मी म्हणत नाही. वारस नोंद हे न मिळालेल्या पदाच्या जागी ठेवायचे उत्तेजनार्थ बक्षीस नव्हे, आणि तसे कोणी सुचवले तर तुमचा राग योग्यच ठरेल. गेलेले ते गेलेच, आणि ते नीट मोजायला हवे. त्यासाठी एक साधा उपाय सुचवते. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे, मनाला सर्वांत लागलेल्या घटनेविषयी मोकळेपणाने लिहायला लावले होते. लिहिताना अनेकांना त्रास झाला, परंतु पुढच्या काही महिन्यांत या विद्यार्थ्यांना आरोग्य केंद्रात इतरांपेक्षा कमी वेळा जावे लागले. नंतरच्या प्रयोगांत परिणाम बेताचाच दिसला असला, तरी वही-पेनापलीकडे याला खर्च नाही, आणि उत्तरलेखनाचा हात तुम्हाला आहेच. फक्त ‘मी काय शिकले’ हा विषय घेऊ नका, त्याने लगेच निबंध होतो. काय गेले ते लिहा : वडिलांनी दर महिन्याला पाठवलेले पैसे, टाळलेली लग्ने आणि बारशी, आपल्याआधी पोस्ट काढून गेलेल्या मैत्रिणीशी तुटलेले बोलणे, दारावर लागेल अशी मनात धरलेली पाटी. वाचायला कोणाला देऊ नका. दुसरे असे की, भावाला किंवा जुन्या रूममेटला ‘मी बदलले का’ असे विचारू नका, कारण त्याचे गोड उत्तर मिळते. ‘पूर्वी माझ्याकडे आणत नव्हता, पण आता आणता, असे कोणते काम आहे?’ असे विचारा.

पोस्ट निघाली असती तर प्रश्न पडला नसता, हे मान्य. यादीत नाव येताच सात वर्षांना अर्थ आयता मिळाला असता, आणि आयता मिळालेला अर्थ कोणी तपासून पाहत नाही. आता तो तपासणे तुमच्या वाट्याला आले आहे. हे अन्यायाचे आहे, तरी त्यात फसवणूक नाही. फसवणूक तेव्हा होईल जेव्हा तोटा लपवून अर्थ सांगितला जाईल.

पुन्हा परीक्षा द्यावी का, याचा निर्णय पत्रातून देता येत नाही. खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा ३८ आहे म्हणून तोवर देत राहावे, एवढ्या कारणाने मात्र देऊ नका. आणि झोप, भूक उडाली असेल, जगण्याचा कंटाळा मनात घर करत असेल, तर या स्तंभाच्या उत्तरावर अवलंबून न राहता १४४१६ या, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या निःशुल्क क्रमांकावर बोला. तिथे मराठीत बोलता येते.

प्रश्न : मुलाच्या महाविद्यालयाची एकांकिका पुरुषोत्तम करंडकाच्या प्राथमिक फेरीतच बाहेर पडली. त्याने ती लिहिली होती. आठवडा झाला, तो गप्प आहे. पराभवातून शिकायचे असते हे त्याला कसे समजावू?
— एक वडील, कोथरूड

उत्तर : तूर्त समजावू नका. दोन महिने तालमीत घालवलेल्या मुलाला एक आठवडा गप्प बसण्याचा हक्क आहे, आणि तुमची घाई त्याच्यापेक्षा तुमच्या अस्वस्थतेसाठी अधिक आहे असे मला वाटते. रोखठोक लिहिल्याबद्दल राग नसावा. १९६३ पासून चालत आलेल्या या स्पर्धेत दर वर्षी बहुतेक संघ प्राथमिक फेरीतच थांबतात, आणि २०२२ मध्ये तर परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नव्हता. परंतु हा इतिहास त्याला तुमच्यापेक्षा चांगला ठाऊक असणार. तुमच्याकडून त्याला मिळू शकेल अशी गोष्ट वेगळी आहे. त्याची संहिता तुम्ही वाचली आहे का? पत्रात तसा उल्लेख नाही. नसेल तर मागून घ्या, नीट वाचा, आणि एखाद्या प्रवेशाविषयी मनापासून पडलेला प्रश्न विचारा. परीक्षकांनी काय सांगितले ते त्याने आपणहून काढले तर ऐका, त्यांची किंवा त्याची बाजू घेऊ नका. भरत नाट्य मंदिरात अंतिम फेरी पाहायला जायचे आहे का, हेही विचारून ठेवा. नाही म्हणाला तर पुन्हा विचारू नका.