सोसायटीचा विमा असताना फ्लॅटचा वेगळा विमा घ्यावा का? त्यात नक्की काय काय येतं?

घ्या. सोसायटीचा विमा इमारतीचा असतो, तुमच्या फ्रिजशी आणि गाद्यांशी त्याचा संबंध नाही. घरावर कर्ज असेल तर बँक म्हणेल त्याच कंपनीकडून घ्यायची सक्तीही नाही. ‘नक्की काय येतं’ हे तुम्ही आधी विचारताय. आम्ही पूर ओसरल्यावर विचारलं, म्हणून लिहितोय.

आमचं घर चिपळूणला. 2017 साली वरचा मजला चढवायला 12 लाखांचं कर्ज काढलं आणि बँकेने तेवढ्याच रकमेचा विमा जोडून दिला. मी तेव्हाच दादाला म्हटलं होतं, सामानाचाही काढू, वर्षाला थोडे पैसे जास्त जातील. दादा म्हणाला, "आता वर मजला झालाय. पाणी आलं तर सामान वर नेऊ." 2005 च्या पुरात आमच्याकडे कमरेएवढं पाणी होतं, तोच हिशोब त्याच्या डोक्यात.

22 जुलै 2021 ला पहाटे वाशिष्ठी नदीचं पाणी शिरलं ते खालच्या मजल्यावर थेट पंख्याला टेकलं. वर काय नेणार? आई, दोन पोरं आणि गॅसची एक टाकी नेली, बास. पाणी उतरल्यावर पाहिलं तर फ्रिज तरंगत येऊन स्वयंपाकघराच्या दारात आडवा अडकला होता. चौकट काढावी लागली. आईच्या शिलाई मशीनमधून दोन दिवस चिखल निघत होता.

नुकसान मोजणारा विम्याचा सर्व्हेअर आठव्या दिवशी आला. तोवर गाद्या, पुस्तकं, कपाटातले कपडे सगळं रस्त्यावर टाकलेलं, नगरपालिकेच्या डंपरने उचलून नेलेलं. फोटो एकही नाही. (तुम्ही फोटो काढल्याशिवाय काही फेकू नका.) त्याने भिंतीला नख लावलं तर ओंजळभर गिलावा हातात आला. इमारतीचं नुकसान त्याने तीन लाख धरलं. मग म्हणाला, हे घर आज पुन्हा बांधायला 24 लाख लागतील, तुमचा विमा 12 चा, म्हणजे निम्म्याचा, तर भरपाईही निम्मी. दीड लाख मिळाले. सामानाचा विमाच नव्हता, त्यामुळे त्याचे शून्य.

दादा आजही चारचौघांत सांगतो, विमा म्हणजे फसवणूक. मला हे पटत नाही. निम्म्याची अट पॉलिसीत छापलेली होती, आम्ही ते पाकीट चार वर्षं उघडलं नाही. आणि सामानाच्या हप्त्यात जे वाचवलं त्यात तो एक फ्रिजसुद्धा आला नसता.

1 एप्रिल 2021 पासून घरांचा विमा करणाऱ्या सगळ्या जनरल विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक पॉलिसी विकणं बंधनकारक केलं गेलं. तीच मागा. तिच्यात ही निम्म्याची कात्री नाही, विम्याच्या रकमेपर्यंत नुकसान पूर्ण धरतात. इमारतीचा विमा काढला की तिच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, सामानाचा आपोआप येतो. आग, पूर, वादळ, वीज, भूकंप, दरड, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, सगळं आहे. रक्कम ठरवताना फ्लॅट कितीला घेतला ते बघू नका, तेवढंच बांधकाम आज करायला किती लागेल ते बघा. जागेच्या किमतीचा विमा नसतो. त्यामुळे हप्ता तुम्हाला वाटतोय त्यापेक्षा बराच कमी बसेल. "एवढे पैसे कुठून आणायचे" हे आमच्या घरात त्या वेळी कुणी आकडा न विचारताच बोललं गेलं होतं.

चोरीचं सांगायचं राहिलं. आग-पुरासारखी घटना घडली आणि त्यानंतर सात दिवसांत घरातून काही चोरीला गेलं तरच ते यात बसतं. एरवीच्या घरफोडीचा विमा वेगळा. दागिने वेगळे जोडून घ्यावे लागतात, रोकड धरत नाहीत. जुनी ओल, गळती, झीज यांचेही पैसे मिळत नाहीत. आणि 20 टक्क्यांत तुमचं सामान बसत नसेल तर आधीच यादी देऊन रक्कम वाढवून घ्या. घरात कुणी नको म्हणालं तरी घ्या. मी तेव्हा दादाचं ऐकायला नको होतं.