आइसलँडच्या आधी आंबेनळी घाट

प्रश्न थोडक्यात असा: तू दापोलीची, जिऑलॉजीची एमएस्सी संपत आलीय, आइसलँडला लाव्हावर संशोधन करायला जागा मिळालीय आणि जिवंत ज्वालामुखी कधी पाहिलेला नाही, तर काय वाचू? वाचन होईल गं. आधी पोलादपूरची एसटी पकड.

तिकडे ताज्या लाव्हाचं वरचं कवच तेवढं दिसतं. प्रवाह आतून कसा फुगला, कसा थिजला, हे कळायला तो उभा चिरलेला हवा, आणि तसा तो आपल्याकडे घाटाघाटांत चिरलेला आहे. पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही दख्खनच्या लाव्हा-थरांच्या गटांची शास्त्रीय नावं आहेत. तुझ्या गाइडने ती पेपरांत वाचलेली असणार. कड्यात खालून वर बघत जा. प्रवाहाच्या बुडाशी कधी उभ्या नळ्यांसारख्या पोकळ्या, मधे घट्ट काळा दगड, वर बुडबुड्यांची गर्दी आणि त्यांत भरलेले झिओलाइट नावाच्या खनिजाचे पांढरे स्फटिक. दोन प्रवाहांमध्ये काही ठिकाणी लाल मातकट थर सापडेल, म्हणजे मधे बराच काळ शांतता होती. वहीत हाताने स्केच काढ, नुसते फोटो नकोत. फोटो काढताना डोळा आळशी होतो. पावसाळ्यात मात्र या घाटात जाऊ नकोस, दरडी येतात.

घराजवळच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळ-पठारावर, फार वेळ घालवू नकोस. तिथला जांभा दगडही मूळचा बसाल्टच, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा दगड, पण पावसापाण्याने इतका कुजलाय की प्रवाहाची रचना बहुतेक पुसली गेलीय. आणि दापोलीजवळच्या उन्हवऱ्याच्या झऱ्याचं गरम पाणी बघून कुणी ‘आमच्याकडे ज्वालामुखी आहे’ म्हणालं तर मान डोलावू नकोस. ते पाणी भेगांतून खोल जाऊन तापतं आणि वर येतं, खाली मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, नाही. त्यापेक्षा ओहोटीची वेळ बघून मुरुड-जंजिऱ्याच्या बाजूला डाइक बघ, भेगेत घुसून थिजलेला मॅग्मा. आइसलँडमध्ये १७८३ साली लाकीची भेग उघडली, आठ महिने वाहत होती आणि सुमारे १५ घन किलोमीटर लाव्हा ओकली. दख्खनचा लाव्हा आज, ६.६ कोटी वर्षांनंतरही, सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. गाइडशी बोलताना हा हिशेब जवळ असू दे.

आता भीतीचं. मी इटलीतल्या एटना ज्वालामुखीवर काम केलंय. लाव्हापेक्षा वायूला जास्त घाबरावं. लाव्हा निदान दिसतो. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, त्याला वास नाही, वारा पडला की खोलगट जागी साठतो, आणि फिल्टरचा मास्क त्यावर काहीच करत नाही. तो मास्क सल्फर डायऑक्साइडसारख्या वायूंसाठी, तोही चेहऱ्याला घट्ट बसला तर. म्हणून खळग्यात बसून डबा खायचा नाही, आणि गॅस मीटर वाजला की नमुना टाकून निघायचं.

हेल्मेट, मास्क बहुतेक ठिकाणी विद्यापीठच देतं, विचारून घे. बूट इथेच घेऊन घाटात रुळव. जाड हातमोजे हवेतच, ताजा लाव्हा काचेसारखा कापतो. छत्री घरी ठेव, तिथला पाऊस आडवा येतो. विमा घेताना फील्डवर्क त्यात धरलंय का ते लेखी घे. पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) आणि क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) येत नसेल तर आजच सुरू कर, कारण बरेच महिने तू डोंगरावर नाही, लॅपटॉपसमोर असणार आहेस.